सहावा महिना, एचबी ८.६, आणि गोळी तर रोज घेतेय

रानजाई | २४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

मी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पहिलंच बाळंतपण. चोविसावा आठवडा चालू आहे. बाराव्या आठवड्यात एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ९.८ होतं. तिसरा महिना संपल्यावर लोहाची लाल गोळी सुरू झाली, तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज टिकली लावते. परवा पुन्हा रक्त तपासलं तर ८.६. गोळ्या घेऊन वाढायचं सोडून कमी कसं झालं, हेच कळेना.

फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात गेला की दंड भरून येतो, हात खाली घ्यावा लागतो. शाळेच्या सात पायऱ्या चढून गेलं की छातीत धडधडतं. सासूबाई म्हणतात, पोटुशी बाईचं रक्त कमीच असायचं, सगळं बाळाला जातं, त्यात काय एवढं. आई बीट आणि डाळिंबं पाठवते आहे. डॉक्टरांनी आता दिवसाला दोन गोळ्या करून महिन्याने बोलावलंय. त्यांच्याकडे इतकी गर्दी होती की मला काही विचारताच आलं नाही.

माझं कुठे चुकतंय? कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त_सिस्टर | २४ जून, रात्री १०.१५

तुला तू म्हणते गं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. एकतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली, त्यातली निम्मी बाळंतिणींच्या वॉर्डात.

आधी एवढं सांग. गोळी किती वाजता घेतेस? कशाबरोबर घेतेस? कॅल्शियमची गोळी कधी? आणि चहा दिवसातून किती वेळा, कुठल्या कुठल्या वेळी?

रानजाई | २४ जून, रात्री १०.३२

सिस्टर, रात्री जेवण झालं की लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या एकदमच घेते, कोमट दुधाबरोबर. सासूबाई म्हणाल्या लोह उष्ण पडतं, दुधाने बाधत नाही. कॅल्शियमची दुसरी गोळी सकाळी नाश्त्याला. चहा सकाळी साडेसहाला, शाळेत मधल्या सुट्टीत, दुपारी डबा खाल्ला की लगेच, आणि संध्याकाळी घरी आल्यावर.

निवृत्त_सिस्टर | २४ जून, रात्री ११.०५

मग गोळी पोटात जाते आहे, रक्तात जात नाहीये. तुझा काही दोष नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

लोह आणि कॅल्शियम एकत्र पोटात गेले की कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. दुधातही कॅल्शियमच. म्हणजे तू लोहाच्या गोळीवर दोन झाकणं ठेवतेस. चहातलं टॅनिन तिसरं. जेवणाला लागून चहा घेतला तर भाजी-भाकरीतलं लोहसुद्धा वाया जातं.

उद्यापासून असं कर. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर घे, दुपारी आणि रात्री. लोहाची गोळी त्यापासून निदान दोन तास लांब. तुला दोन सांगितल्यात ना, मग एक सकाळी अकराच्या सुमारास आणि एक संध्याकाळी साडेपाचला, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याची फोड चघळून. क जीवनसत्त्व लोहाला आत घेऊन जातं. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही. चहा सोड म्हणत नाही, सुटायचा नाही. मधल्या सुट्टीतला आणि डब्यानंतरचा तेवढे दोन सोड.

संडासला काळी होईल, घाबरू नकोस. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढव, पेरू आणि पालेभाजी खा. मळमळ फारच झाली तर गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून दुसरी घ्यायची. बाजारात पाच-सहा प्रकारचं लोह मिळतं, एखादं सोसवतंच.

आता सासूबाईंचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण त्यात पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी त्या मानाने कमी, त्यामुळे एचबी थोडं उतरतंच. म्हणून तर बाहेर १२ धरतात आणि गरोदर बाईला ११. पण ८.६ हे 'असायचंच' यात बसत नाही. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. बाळंतपणात प्रत्येकीचं थोडं रक्त जातंच. ११ असलेली बाई ते सोसते. ८ असलेल्या बाईला तेवढंच रक्त गेलं तर आम्ही रात्री दोन वाजता रक्तपेढीला फोन लावत बसायचो. मी ते पाहिलंय, म्हणून जीव तोडून सांगते.

विहीरकाठ | २५ जून, सकाळी ७.२०

उत्तम माहिती. माझ्या मिसेसना पहिल्या वेळी ९ होतं. तेव्हा आम्ही रोज बीटाचा रस आणि गूळ-शेंगदाणे दिले होते. नुसत्या आहाराने भरून निघणार नाही का? गोळ्यांनी तिला फार करपट ढेकर यायचे.

निवृत्त_सिस्टर | २५ जून, सकाळी ११.५०

विहीरकाठ, बायकोच्या खाण्याकडे एवढं लक्ष देणारे नवरे आमच्या वॉर्डात फार थोडे दिसायचे, बरं वाटलं वाचून. पण बीटाचा रंगच फक्त रक्तासारखा. १०० ग्रॅम बीटात १ मिलिग्रॅमसुद्धा लोह धड नसतं. पूर्ण गरोदरपणात बाईला साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं, आणि भाजीपाल्यातल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो.

खायचं तर मोडाची मटकी, चवळी, हरभरा, राजगिऱ्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, बाजरी, तीळ, खजूर. मोड आणले की लोह जास्त लागू पडतं, वर लिंबू पिळायचं. खाणाऱ्यांनी मटण, मासे, अंडी. पहिल्या तीन महिन्यांत कलेजी नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. हे सगळं गोळीच्या जोडीला हवं. ८.६ वरून वर यायला गोळीच लागते.

मांडवीकाठ | २५ जून, दुपारी २.१०

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे गरोदर बाईला सकाळी तिझन देतात, नाचणीचं, गूळ घालून. आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. तिसऱ्यांत लोह भरपूर, बी-१२ही भरपूर, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. नीट उकडलेल्या आणि ताज्याच हव्यात. बांगडा-तारले चालतात. मोरी, म्हणजे शार्क, मात्र गरोदरपणात नको सांगतात, मोठ्या माशांत पारा साठतो. आमच्या आज्या बाळंतिणीला मोरीचं सुकं हमखास द्यायच्या, त्यामुळे घरात जरा वाद झाला, पण मी ऐकलं डॉक्टरांचं.

तिसऱ्या सिन्नरला कुठे मिळणार म्हणा. पण आठवलं ते लिहिलं.

गोधडी | २५ जून, रात्री ८.४५

सगळं इंग्रजी औषधांवर सोडायची गरज नाही. लोहाच्या गोळ्या उष्ण असतात, मूळव्याध होते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोहभस्म मधातून देतात. लोखंडी कढईत भाजी करा. आपल्या पूर्वजांना काय कळत नव्हतं का?

निवृत्त_सिस्टर | २५ जून, रात्री ९.३०

गोधडी, लोखंडी कढईचं अगदी खरं. आमटी, टोमॅटोची भाजी, आंबट वरण तिच्यात शिजवलं की लोह उतरतं. रोज वापरा. भस्माचं मात्र नाही म्हणेन. गरोदर बाईने भस्म घ्यायचं असेल तर ते नोंदणीकृत वैद्याने तपासून दिलेलं आणि तिच्या डॉक्टरांना माहीत असलेलं हवं. बाजारातल्या पुडीत शिसं किंवा पारा नाही हे कोण सांगणार? पोटात एक जीव आहे.

सातपुडा_आशा | २६ जून, दुपारी १२.३०

नमस्कार ताई. मी धडगाव भागात आशा आहे. उन्हाळ्यात एक पाडा झाला की दुसऱ्या पाड्याला दीड तास चालावं लागतं.

माझ्याकडच्या बाया गोळ्या घेतात म्हणून सांगतात, आणि पंधरा दिवसांनी डबा उघडला की सगळ्या तशाच. आधी मी रागवायची. मग बसून विचारायला लागले. कुणी म्हणते बाळ फार मोठं होईल आणि घरी बाळंतपण अडेल. कुणी म्हणते बाळ काळं होईल. एक म्हणाली, रिकाम्या पोटी घेतली की उलटी होते आणि सकाळी शेतात जायचं असतं, ती उलटी कोण निस्तरणार. आता मी त्यांच्यासमोरच, अंगणवाडीत गरम जेवण झालं की मग थोडा वेळ गप्पा मारून गोळी देते. आमच्याकडे २०१५ पासून अमृत आहार आहे, त्यात गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण ताट मिळतं, भाकरी, डाळ, भाजी, भात, अंडं. त्या ताटामुळे गोळी पोटात टिकते. ज्या दिवशी ताट नाही त्या दिवशी गोळी पण नाही, हे मी माझ्या वहीत बघितलंय.

दुसरं, चौथ्या-पाचव्या महिन्यात जंताची गोळी एकदा देतात, ४०० मिलिग्रॅमची. ती घेतली का रानजाई ताई? शेतात अनवाणी चालणाऱ्या बायांचं रक्त हुकवर्म पितात.

आणि महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून. गर्दी नको असेल तर आठलाच जाऊन नंबर लावायचा.

आमच्याकडे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, पण खूप. ज्यांना सिकल आहे त्यांना नुसतं लोह देऊन उपयोग नाही, म्हणून आधी तपासणी.

लाल_पेशी | २६ जून, रात्री १०.२०

सातपुडा_आशा, तुमच्या वहीतली नोंद फार मोलाची आहे.

मी प्रयोगशाळेत काम करतो, दिवसभर अशाच रक्ताच्या काचा बघतो. रानजाई, रिपोर्टवर एचबीच्या खाली एमसीव्ही असं लिहिलेलं असतं, तो आकडा सांगाल? लाल पेशीचा सरासरी आकार तो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, ८० च्या खाली येतात. बी-१२ किंवा फोलेट, म्हणजे फॉलिक आम्ल, कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, १०० च्या वर जातात. आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असेल तरी पेशी लहानच दिसतात, पण त्या लोह देऊन मोठ्या होत नाहीत, त्यासाठी एचपीएलसी नावाची तपासणी वेगळी करावी लागते. तिच्यातच सिकलसेलही कळतो. बायको वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी लगेच करायची.

रक्त कमी म्हणजे लोहच कमी असं दर वेळी नसतं, आणि याचा एक मोठा धागा सापडला तो आपल्या मुंबईत. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय व्हायचा, आणि काचेखाली त्यांच्या लाल पेशी मोठ्या दिसायच्या. विल्सबाईंनी त्यांचं खाणं तपासलं. मग तसलंच खाणं प्रयोगाच्या प्राण्यांना देऊन पाहिलं आणि त्यांना यीस्टचा अर्क दिला, तर रक्त सुधारलं. महाग अर्क परवडेना म्हणून त्यांनी मार्माइट वापरलं, ब्रेडला लावतात तो काळा खारट अर्क. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे १९४० च्या दशकात निश्चित झालं. आज जी लाल गोळी देतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. तो दुसरा आकडा मला गिरणगावातल्या त्या बायकांचा वाटतो. परळला शिकत असताना मी रोज त्या संस्थेवरून जायचो आणि हे मला माहीत नव्हतं.

रानजाई | २७ जून, सायंकाळी ६.००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिसरा दिवस, गोळी अकराला आणि साडेपाचला, लिंबूपाण्याबरोबर. शिपाईमामा मधल्या सुट्टीत चहा आणून ठेवतात, त्यांना सांगितलं महिनाभर नको.

जंताची गोळी घेतली होती, आठवतंय. एमसीव्ही ८४ आहे. म्हणजे पेशी लहानही नाहीत आणि मोठ्याही नाहीत. मग काय समजायचं?

अजून एक सांगायचंय. चार दिवस सांगू की नको चाललंय. आमच्या पहिलीच्या मुलांकडे अजून पाट्या आहेत. पाचव्या महिन्यापासून मला पाटीवरच्या पेन्सिलीचा वास सहन होत नाही, म्हणजे खावीशी वाटते. आधी नुसता वास घ्यायची. आता कपाटातल्या डब्यातून तुकडे घेते आणि मुलं घरी गेली की खाते. दाताखाली कुरकुर वाजते ना, ते बरं वाटतं. दिवसाला दोन-तीन पेन्सिली. ओल्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं. घरात कुणालाही माहीत नाही. मी मुलांना शिकवते, माती खाऊ नका, तोंडात खडू घालू नका. मला फार लाज वाटते.

निवृत्त_सिस्टर | २७ जून, सायंकाळी ६.२५

रानजाई, बाळा, आधी डोळे पूस.

हे डोहाळे नाहीत आणि व्यसनही नाही. अंगात लोह कमी पडलं की माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ, चुलीची राख खावीशी वाटते. याला पिका म्हणतात. मी पाहिलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी पदराआडून सांगितलंय. एकीने तर घराच्या भिंतीचा पोपडा खाऊन कोनाडा केला होता. सगळ्या तुझ्यासारख्याच गप्प. कारण आपल्याकडे यावर हसतात, नाहीतर 'मुलगा होणार' म्हणतात.

पेन्सिल आणि मातीत शिसं असू शकतं, जंतांची अंडी असू शकतात. त्यामुळे थांबायला हवंच. पण नुसत्या निग्रहाने थांबत नाही, लोह भरलं की आपोआप थांबतं. तोवर भाजलेले फुटाणे खिशात ठेव, कुरकुरीत लागतात. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना हे पहिलं वाक्य म्हणून सांग. त्यांच्यासाठी ही फार महत्त्वाची खूण आहे.

विहीरकाठ | २७ जून, रात्री ९.००

ताई, माझी बायको कच्चे तांदूळ खायची. डब्यातले तांदूळ कमी होताना दिसायचे, मी उंदीर समजत होतो. आज तिला हा धागा वाचून दाखवला, ती रडली. दहा वर्षांत तिने मला सांगितलं नव्हतं.

लाल_पेशी | २७ जून, रात्री ११.१०

८४ हा आकडा बरा वाटतो, पण तुमच्या बाबतीत मला तो खटकतो. लोह कमी असल्याने काही पेशी लहान आणि बी-१२ कमी असल्याने काही मोठ्या झाल्या, तर सरासरी बरोबर मधोमध येते आणि रिपोर्ट साजरा दिसतो. शेजारी आरडीडब्ल्यू असेल, म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा, तो वाढलेला आहे का बघा. तुम्ही शाकाहारी आहात का? बी-१२ वनस्पतींत नसतंच, दूध-दही-ताकात थोडं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर मातांचा अभ्यास केला आणि पुढे त्यांची मुलंही तपासत राहिले. ज्या आयांना बी-१२ कमी होतं पण फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट. म्हणून नुसतं फॉलिक घेत राहून बी-१२ कडे दुर्लक्ष नको. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं, ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं जन्मतः जरा मोठी होती. महागडी पावडर वगैरे काही नाही, पालेभाजी.

फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि एचपीएलसी या तिन्ही तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. कराच असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा निर्णय.

थेम्सपार | २८ जून, दुपारी ३.००

लंडनजवळ राहते. इथे पहिल्या भेटीला आणि २८ व्या आठवड्यात एचबी बघतात. सुरुवातीला ११ ची रेघ, २८ व्या आठवड्यात १०.५ ची. माझं १०.३ आलं तर मिडवाइफने चिठ्ठीवर लिहून दिलं, गोळी संत्र्याच्या रसाबरोबर, चहापासून लांब. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आम्हाला तर नर्सबाई दुधाबरोबरच घ्या म्हणायच्या.

रानजाई | २४ जुलै, रात्री ८.३०

महिना झाला. एचबी ९.३. वाढलंय पण डॉक्टरांना पुरेसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, दोन गोळ्यांवर महिन्यात निदान १ ने वाढायला हवं होतं, ०.७ वर मी थांबणार नाही. मी त्यांना पहिलं वाक्य पेन्सिलीचंच सांगितलं. खोलीत आणखी दोघी होत्या, तरी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली, आणि तिन्ही तपासण्या स्वतःहून लिहून दिल्या.

फेरिटिन ८. बी-१२ १३०. दोन्ही कमीच. एचपीएलसी व्यवस्थित. लाल_पेशी, तुमचं खरं निघालं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झालीत आणि येत्या आठवड्यात लोहाचं सलाइन आहे.

आषाढी एकादशी झाली, आता श्रावण येईल. सासूबाईंचे सोमवार असतात, मलाही धरायचे होते. काय करू?

निवृत्त_सिस्टर | २४ जुलै, रात्री ९.१०

या वर्षी देवाला सांग, पुढच्या वर्षी दोघं मिळून धरू. अगदीच मन राहत नसेल तर साबुदाणा नको, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. राजगिऱ्याचं थालीपीठ, शेंगदाणे, दही, खजूर, फळं असं दिवसभर खात राहा. रिकाम्या पोटी राहायचं नाही, गोळी चुकवायची नाही.

आणि या धाग्यावर आपण नुसतं रक्ताचं बोलतोय, म्हणून एक मध्येच सांगून ठेवते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, सकाळी उठल्यावर चेहऱ्यावर सूज, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, यातलं काही झालं तर रक्तदाब त्याच दिवशी मोजायचा. १४०/९० म्हणजे थेट दवाखाना. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तेच. रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

रानजाई | २ ऑगस्ट, दुपारी ४.१५

सलाइन झालं. एक ग्रॅम लोह, गडद तपकिरी, तासाभरात संपलंसुद्धा. आधी भीती वाटत होती, रिॲक्शन येते का म्हणून अर्धा तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. सासूबाई शेजारी बसून होत्या. मी त्यांना पेन्सिलीचंही सांगून टाकलं. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी चुलीच्या कडेची भाजकी माती खायची, पदरात बांधून न्यायची शेतात. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, तीन महिने उठता येत नव्हतं. त्यांनी हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असेल.

रानजाई | २८ ऑगस्ट, रात्री ९.००

१०.७! फळा वरपासून लिहिते आता. सलाइननंतर आठवड्याभरात पेन्सिलीची आठवणसुद्धा आली नाही. डबा कपाटात समोरच असतो. वर्गातल्या एका मुलीची आईही गरोदर आहे, तिला ९ तारखेच्या तपासणीला घेऊन गेले होते. तिचं ७.९ निघालं.

सातपुडा_आशा | २९ ऑगस्ट, सकाळी ६.४०

खूप आनंद झाला ताई. तिला एकटीला सोडू नका, पहिले पंधरा दिवस रोज विचारा. मी तुमचा हा धागा मोबाइलवर आमच्या गटातल्या इतर आशांना वाचून दाखवला. चहाचं बहुतेकींना नवीन होतं. आमच्याकडे काळा चहा जेवणाबरोबरच पितात.

रानजाई | १९ ऑक्टोबर, दुपारी ३.००

मुलगी झाली, सात तारखेला, नॉर्मल. वजन २ किलो ९००. रक्त चढवावं लागलं नाही. मी आणि बाळ दोघी आईकडे निफाडला आहोत. एका हाताने टाइप करतेय.

निवृत्त_सिस्टर | १९ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

किती गोड बातमी! नाळ कापायच्या आधी थांबले होते का गं? तीन मिनिटं थांबलं की वारेतलं रक्त बाळाकडे जातं, त्याच्या लोहाची पहिली शिदोरी तीच.

रानजाई | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४५

थांबले होते. मी आधीच विचारून ठेवलं होतं. सिस्टर घड्याळाकडे बघत उभ्या होत्या आणि बाळ माझ्या पोटावर ओलं तसंच.

आणि गोळी सुरूच आहे, बाळंतपणानंतरचे १८० दिवस. आई अळिवाचे लाडू करतेय, त्यांच्यावर लिंबूपाणी कसं प्यायचं असं विचारत होती. मी म्हटलं लाडू सकाळी, गोळी अकराला.

विहीरकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री ८.१०

अभिनंदन ताई! आमच्याकडेही दुसऱ्यांदा गोड बातमी आहे, आठवा आठवडा. बायकोचं एचबी कालच तपासलं, १०.१. फॉलिक सुरू केलंय. तांदळाचा डबा तिने स्वतःच वरच्या फळीवर ठेवला, आणि मला सांगून ठेवला.